आत्याबाईंनी मिश्री सोडली

राखेच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी आमच्या घरात एक वाद ठरलेला असतो. ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात कुणी काय सोडायचं, यावरून. काटेवाडीच्या पुढं, बारामती-इंदापूर रस्त्याला लागून आमची वस्ती आहे आणि तिच्यावर कॅथलिक घर आमचं एकच. मटण-मासे आम्ही सगळेच सोडतो, त्यात काही मोठेपणा नाही. पण फादर सांगतात, जीव गुंतलाय असंही काहीतरी सोडा. मग माझा नवरा दर वर्षी राग सोडतो आणि गुरुवारी सकाळी विहिरीवरची मोटर चालू झाली नाही की परत धरतो. मी चहातली साखर सोडते. चारी बाजूंना ऊस असताना बिनसाखरेचा चहा पिणं काय असतं ते मलाच ठाऊक, आणि ते मी चारचौघांत सांगितल्याशिवाय राहत नाही.

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, दर वर्षी कारलं सोडायच्या. आमच्या घरात कारलं कुणी आणत नाही. त्यांना ते इतकं नावडतं की दुसऱ्याच्या ताटात दिसलं तरी त्या तोंड फिरवतात. एका वर्षी मात्र त्यांनी बदल म्हणून आइस्क्रीम सोडलं, तेही दाढ ठणकत असताना. मी काही बोलले की त्यांचं उत्तर तयार असायचं. "सोडलं का न्हाय? मग झालं तर! देव काय तुझ्यासारखी शाळामास्तरीण हाय व्हय, पेपर तपासायला?"

त्यांचा जीव खरा कशात गुंतला होता ते सगळ्या वस्तीला माहीत होतं. मिश्रीत. तव्यावर तंबाखू काळीभोर होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळी उठल्या उठल्या बोटावर घेऊन हिरड्यांना घासत बसायचं. शेजारच्या काकी आपली डबी घेऊन आमच्या ओट्यावर यायच्या. दोघी तासभर तोंडात बोट घालून सगळ्या गावाचा निकाल लावायच्या. काकी बागायतदाराच्या घरच्या, आत्याबाईंहून दहाएक वर्षांनी लहान, त्यांना अक्का म्हणायच्या. धर्म वेगळा, देव वेगळा, पण मिश्री एका तव्यावरची.

मागची दोन-तीन वर्षं आत्याबाईंना तिखट सोसेना झालं होतं. भाजीत मिरची जरा जास्त पडली की डोळ्यांतून पाणी. ठेचा तर त्यांनी कधीच बंद केला होता, तोही ठेच्यावर भाकरी खाऊन वाढलेल्या बाईनं. या वर्षी जानेवारीत मी त्यांना जवळजवळ ओढतच इंदापूरला नेलं. मी तिथं शाळेत शिकवते आणि शाळेजवळच दातांच्या एक डॉक्टरीणबाई बसतात. त्यांनी बॅटरी मारून तोंडात पाहिलं आणि मलाही पाहायला बोलावलं. गालाच्या आत, हिरडीला लागून, पांढरा चट्टा होता.

"आजी, मिश्री आजपासून बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एप्रिलमध्ये परत या. चट्टा गेला तर उत्तम. राहिला तर तिथला तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल."

परतीच्या एसटीत आत्याबाई गालावरून हात फिरवत राहिल्या. त्यांची थोरली बहीण तोंडाच्याच आजारानं गेली होती. शेवटी तिचं तोंड उघडत नव्हतं आणि पेज नळीनं घालावी लागायची. ती पेज आत्याबाईंनीच घातली होती. मला वाटलं, आता ही बाई मिश्रीकडं बघणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर दोघी तोंडात बोट घालून हजर! मी इतकी चिडले की शाळेला जाताना डबाच विसरले.

मग राखेचा बुधवार आला. बारामतीच्या चर्चमध्ये मिस्सा झाली, कपाळाला राख लागली. बाहेर अंगणात फादर एकेकाला विचारत होते, यंदा काय सोडलं? माझ्या नवऱ्यानं राग सांगितला, मी साखर सांगितली. आत्याबाईंची पाळी आली तेव्हा मी मनात म्हटलं, कारलं.

"मिसरी," आत्याबाई म्हणाल्या.

माझा नवरा हसला. फादरांना प्रकरण माहीत नव्हतं, तरी त्यांनी आत्याबाईंच्या डोक्यावर हात ठेवला. मी हसले नाही, कारण आदल्याच दिवशी मागच्या पडवीत तंबाखू भाजल्याचा खमंग वास मला आला होता. घरी आल्यावर शोधलं तेव्हा ज्वारीच्या कणगीमागं नवी, गच्च भरलेली डबी सापडली. म्हणजे ही ईस्टरची तयारी होती. मी डबी होती तिथंच ठेवली. निदान तोपर्यंत तरी तोंडाला विसावा मिळेल, एवढीच माझी आशा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी डबी घेऊन आल्या. आत्याबाईंनी नुसतंच सांगितलं, "मी सोडली गं. देवापुढं सांगून आले."

काकींचं बोट तोंडातल्या तोंडात राहिलं. त्यांच्या सासूनं काशीला जाऊन वांगं सोडलं होतं आणि मरेपर्यंत वांग्याला शिवली नव्हती. देवापुढं सोडायचं म्हणजे कायमचं सोडायचं, यापलीकडं काकींना काही माहीत असण्याचं कारणच नव्हतं. त्यांनी चूळ भरली, डोक्यावर पदर घेतला आणि चक्क आत्याबाईंच्या पाया पडल्या. "अक्का, काशीला न जाता काशी केलीत तुमी!"

आत्याबाईंनी त्यांना उठवलं, पण हे ईस्टरपर्यंतचंच आहे हे काही सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत बातमी कालव्याच्या पलीकडच्या वस्तीवर पोचली होती.

पुढचे आठवडे आम्ही कसे काढले ते आमचं आम्हालाच ठाऊक. आत्याबाईंचं डोकं दुखायचं, पोट साफ होत नव्हतं, आणि घरातल्या प्रत्येक भांड्याशी त्यांचं वैर होतं. नवऱ्यानं सोडलेला राग सगळा त्यांनी उचलला होता. बडीशेप चघळून झाली, राखुंडीनं दात घासून झाले, काही उपयोग नाही. काकी मात्र इतक्या जपत होत्या की तवा घेऊन पार मळ्याच्या टोकाला जाऊन तंबाखू भाजायच्या. अक्कांना वास नको! तरी वारा इकडचा असला की आत्याबाई कुंपणाला धरून उभ्या राहायच्या. मला विचारायच्या, "वासानं मोडतो का गं उपास?"

त्यात माझ्या नवऱ्यानं अक्कल पाजळली. उपवासकाळाच्या हिशेबात रविवार धरत नाहीत, असं त्यानं जेवताना सहज सांगितलं. मी त्याच्याकडं असं बघितलं की त्याचा घास अडकला. पण बाण सुटला होता.

रविवारी उजाडताना कणगी हलल्याचा आवाज आला. मी उठून पाहते तर आत्याबाई डबी घेऊन मागच्या दारी बसलेल्या. झाकण उघडलं होतं, बोट आत जाणार, एवढ्यात पुढून हाक आली, "अक्का, हायसा का घरी?" काकी होत्या आणि बरोबर पलीकडच्या वस्तीवरच्या दोन बायका, डोक्यावर पदर घेतलेल्या.

"ह्याच त्या," काकी अभिमानानं म्हणाल्या. "अख्खी हयात लावली मिसरी आन् एका दिसात सोडली. म्हणलं, ह्यास्नी दावावं."

त्या बायकाही वाकल्या. आत्याबाईंची डबी पदराखाली होती आणि चेहरा असा, की मला तोंडावर टॉवेल धरून न्हाणीत पळावं लागलं.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "आत्याबाई, सांगून टाका की काकींना. आपलं सोडणं ईस्टरपर्यंतच असतं म्हणावं."

"आता कुठल्या तोंडानं सांगू?" त्या कडाडल्या. मग बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "रोज ठरवते बघ, आज लावीनच म्हणून. बोट डबीत गेलं की बहिणीची पेज आठवती. आन् पेज इसरली की ही बया येऊन पाया पडती."

तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचे हाल कळले. इतके दिवस मी त्यांच्यावर नजर ठेवून होते. त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूनं झाले. होळीला काकींकडून पुरणपोळ्या आल्या, पाडव्याला श्रीखंड आलं, आणि प्रत्येक ताटाबरोबर एक वाक्य यायचं, "आमच्या अक्कांचं काय, लोखंड हाय लोखंड!" हळूहळू आत्याबाई त्या वाक्याची वाट बघायला लागल्या.

ईस्टरची सकाळ आली. मिस्सा करून, अंडी-केक खाऊन आम्ही बारामतीहून परतलो. आत्याबाई सरळ कणगीकडं गेल्या, डबी घेतली आणि ओट्यावर येऊन बसल्या. मी दारात उभी राहिले. उपवासकाळ संपला होता. आता त्यांना अडवायला ना फादर होते, ना मला काही बोलायला जागा होती. काकी नारळ आणि खण घेऊन सणाची भेट द्यायला येत होत्या. या वेळी आत्याबाईंनी डबी लपवली नाही.

"बस गं," त्या म्हणाल्या. "आमचं सोडणं ह्या सणापातूर असतं. काशीसारखं न्हाय. आजपासून मला मोकळीक हाय."

काकींच्या हातातला नारळ तसाच राहिला. "मग एवढे दिस मी सगळ्यांस्नी..."

"व्हय. तुझ्या काशीपायी अडकले मी." आत्याबाईंनी झाकण उघडलं, आत बघितलं, बराच वेळ बघितलं. मग उठून नळाखालची बादली ओढली आणि सगळी डबी तिच्यात उपडी केली. "परसातल्या वांग्यावर मावा पडलाय. तंबाखूच्या पाण्यानं जातू. ये, शिंपडू लाग."

त्या सकाळी दोघींनी वाफे भिजवले. इतक्या महागाची मिश्री खाऊन मावा मेला, हे मी स्वतः पाहिलं आहे.

पुढच्या आठवड्यात इंदापूरला गेलो. डॉक्टरीणबाई "आ करा" म्हणाल्या, बॅटरी मारली, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. आत्याबाईंनी डोळे गच्च मिटले होते आणि गळ्यातला क्रूस मुठीत धरला होता.

"आजी, गेला की चट्टा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता फक्त परत लावू नका आणि अधूनमधून दाखवत राहा."

दवाखान्याच्या पायरीवर मी रडले. आत्याबाई नाही रडल्या. त्यांनी मला एसटीत खिडकीची जागा दिली आणि काटेवाडी येईपर्यंत माझा हात सोडला नाही.

घरी येताच त्यांनी स्वतः तव्यावर मिरच्या टाकल्या, लसूण टाकला, मीठ घालून तांब्याच्या बुडानं रगडून ठेचा केला. काकींना हाक मारली. ओट्यावर तिघी बसलो, पुढ्यात भाकरी. आत्याबाईंनी पहिला घास घेतला, तेव्हा आम्ही दोघी त्यांच्या डोळ्यांकडं बघत होतो. त्यांनी चावला, गिळला, दुसरा घेतला. डोळ्यांत पाणी नाही.

"मीठ कमी झालं," त्या म्हणाल्या. मला वाटलं, उठून हलगी वाजवावी.

काकींनी भाकरीचा तुकडा मोडला. आपली डबी त्यांनी आज आणली नव्हती. त्या मला म्हणाल्या, "त्या डाक्टरीणबाईचा दवाखाना नेमका कुठं म्हणलीस?" मी सांगितलं, उद्या माझ्याबरोबर एसटीत चला.

मग त्या आत्याबाईंकडं वळल्या. "अक्का, पुढच्या वर्साला काय सोडणार?"

आत्याबाईंनी ठेच्याचा मोठा घास तोंडात टाकला आणि शांतपणे म्हणाल्या, "कारलं."