बेटाच्या गोष्टीचं बारावं प्रकरण

साल दोन हजार तेवीस. मला शहात्तरावं चालू होतं. गुडघ्यांनी काम सोडलं होतं, दुपारचं जेवण झालं की डोळे आपोआप मिटायचे. अशाच एका दुपारी विक्रोळीच्या आमच्या खोलीत मुलुंडचे एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, शिकलेले, चपला दाराबाहेर जोडीने नीट लावणारे. जुन्या मासिकांतल्या भुताखेतांच्या, समुद्रसफरींच्या, जादूटोण्याच्या गोष्टी गोळा करून त्यांना त्याचं जाडजूड पुस्तक काढायचं होतं. माझ्याकडे असले अंक आहेत हे त्यांना रद्दीवाल्याने सांगितलं होतं. रद्दीवाल्याला माहीत असणारच. तीनदा सुनेने विकायला काढले आणि तीनदा मी त्याच्या हातगाडीवरून परत आणले.

मी तिसरी पास. चौथी अर्धी. पण वाचायला कुणाला हार गेलो नाही. कारखान्यात पॅकिंग खात्यात होतो तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी मोठ्याने वाचायचो आणि दहा-बाराजण ऐकायचे. सगळे कोकणातले. बऱ्याच जणांना सहीपुरतंच यायचं. नियम असा होता की वाचणाऱ्याने डबा आणायचा नाही. ताटलीत एकेकाने आपल्यातलं वाढायचं, कुणाची भाकरी, कुणाचं सुकं. वाचून झालं की मी जेवायचो, भोंगा होईपर्यंत. नोकरीत एवढा मान मला साहेबाने कधी दिला नाही.

त्या वेळी एका मासिकात बेटाची गोष्ट चालू होती. बारा महिने चालणार असं पहिल्या अंकात छापलं होतं. एक तांडेल, गलबतावरचा म्होरक्या, वादळात सापडून अशा बेटावर लागतो, जिथे बुडून मेलेले खलाशी एका राणीची चाकरी करतात. राणीच्या डोळ्यांना पापण्या नसतात. तिच्या हातचं जो खाईल तो आपलं घर विसरतो. अकराव्या महिन्यात तांडेल देवळाखालच्या भुयारात अडकला, पाणी छातीपर्यंत आलं, दगडी दार पडलं. आणि मासिक बंद पडलं. बारावा अंक निघालाच नाही.

खात्यातले रोज विचारायचे. "काय रे, तो माणूस बुडालो की वाचलो?" मी म्हणायचो, येतोय अंक. दोन महिने गेले. एकजण म्हणाला, "ह्याकाच अंक गावत नसात. ह्याच्यान होउचा नाय." हे मला लागलं. दुसऱ्या दिवशी मी अकरावाच अंक पिशवीतून काढला, तोंडासमोर धरला आणि बारावं प्रकरण मनाने रचत वाचलं. माझा तांडेल राणीला मारत नाही. तो त्या मेलेल्या खलाशांपुढे उभा राहतो आणि एकेकाच्या गावाचं नाव घेतो. ज्याचं नाव घेतलं त्याला घर आठवतं, तो काम टाकून पाण्यातून चालू लागतो. आचरा, तळवडे, आरोंदा. समोर बसलेल्यांची गावं होती ती, दुसरी कुठली मला सुचणार? अर्धा तास वाचलं. कुणी जागचं हललं नाही.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पाळीचे म्हणाले, आम्हालाही ऐकव. शब्द इकडचे तिकडे व्हायला नकोत म्हणून मी ते वहीत लिहिलं. नऊ पानं. पोती शिवायच्या दाभणाने बाराही प्रकरणं एकत्र शिवली, वर पुठ्ठा लावला. ते बाड अजून आहे.

मुलुंडच्या गृहस्थांनी ते उघडलं आणि शेवटच्या नऊ पानांवर त्यांचा हात थांबला.

"म्हणजे बारावा अंक निघाला होता?" आवाज बारीक झाला होता त्यांचा. "मी वीस वर्षं शोधतोय. सगळे सांगतात अकराच निघाले."

इथे मी खरं बोलायला हवं होतं. पण सून चहा घेऊन उभी होती, आणि तो शिकलेला माणूस माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला होता.

"निघाला होता," मी म्हणालो. "एकाकडून आणला, उतरवून घेतला, परत दिला."

त्यांनी मोबाईलवर पान न् पान टिपलं. जाताना वाकून नमस्कार केला.

पंधरा दिवसांनी ते परत आले. गोष्ट टाईप होऊन आली होती. अकरा प्रकरणांचं त्यांना किती कौतुक. मग चष्मा पुसत म्हणाले, "फक्त शेवटचं प्रकरण जरा... लेखक थकलेला दिसतो हो. भाषा एकदम उतरलीय. आणि ती गावांची यादी! दोन पानं नुसती गावंच. आपण ते चार ओळींत उरकू."

"उरकू म्हणजे?"

"काढून टाकू. राणीला मारतो, दार उघडतं, संपलं."

"राणी मरत नाही," मी म्हणालो. माझा आवाज चढला. "आणि एक गाव काढायचं नाही. लिहिणाऱ्याने काय झक मारली होती?"

ते गडबडले. विचार करतो म्हणाले आणि चहा न घेता गेले.

सून म्हणाली, "बाबा, तुम्हाला एवढं का लागलं? तुम्ही थोडंच लिहिलंय?"

मी भिंतीकडे तोंड करून पडलो. काय सांगणार? खरं सांगितलं तर आपण पन्नास वर्षं खोटे. नाही सांगितलं तर दुसऱ्याच्या नावाखाली माझी भाषा उतरलेली, आणि गावंही गेली. चार दिवस जेवण गोड लागलं नाही. मला एवढंच ऐकायचं होतं, एका तरी माणसाकडून, की शेवट चांगला होता.

ऐकणाऱ्यांतला आता एकच उरलाय, नाहूरला मुलीकडे असतो. पाचव्या दिवशी रिक्षा करून गेलो. तो गॅलरीत लसूण सोलत बसला होता. मी विषय काढला. बेटाची गोष्ट आठवते का?

"आठवता तर. माका काय राणीन जेवूक घातला?" स्वतःच हसला, मग खोकला.

"शेवट कसा होता?"

"तू केललो तो?"

त्याने लसणाची पाकळी वाटीत टाकली.

"मेल्या, तुका काय वाटला, आमका कळूक नाय? वाचूक येय नव्हता, पण डोळे होते ना. तुझ्या हातात अकरावो अंक होतो. वरच्या चित्रावर माझ्याच हातचो चहाचो डाग होतो. आणि आमची कुंभारवाडी! बारा घरांची वाडी ती, मुंबईच्या लेखकाक कोणी सांगितल्यान?"

"सगळ्यांना कळलं होतं?"

"सगळ्यांका."

"मग कुणी बोललं का नाही?"

"बोलान काय करतलंय? तू गप बसलंस तर गोष्ट कोण संपवतलो?"

बारावं वाचलं त्या दिवशीही ताटली भरलेलीच होती, हे मला आठवलं. नेहमीपेक्षा एक मासा जास्तच होता. मी तो फसवून खाल्ला असं समजून इतकी वर्षं काढली.

शेवटी मी विचारलंच. "पण बरा होता ना शेवट?"

त्याने विचार केला. खोटं बोलायची त्याला कधीच सवय नव्हती. "लांब होतो रे. पण वाडीचा नाव कधी येता म्हणान मी बसान रवलंय."

रिक्षात बसताना गुडघे एवढे दुखले की रिक्षावाल्याने हाताला धरून आत घेतलं. एरवी मी हात झटकला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी बाड खाली काढलं. नऊ पानांतल्या पहिल्या पानाच्या डोक्यावर, जिथे कोरी जागा होती, तिथे पेनाने लिहिलं, "इथून पुढे मी." अक्षर वाकडं आलं, पण वाचता येतं. मग सुनेला मुलुंडच्या गृहस्थांचा नंबर लावून द्यायला सांगितलं. फोन उचलल्यावर मी म्हणालो, "बारावा अंक निघालाच नव्हता. ते प्रकरण माझं आहे. घ्यायचं तर गावांसकट घ्या, नाहीतर अकरावर थांबा." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज येऊ लागला. सून कपबशी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मी फोन कानाला तसाच धरून बसलो.