आत दोन बनियन

शहापूरच्या बाजारात मी तीस वर्षं कपडे शिवतोय. माणूस तोंडाने खोटं बोलेल, पण टेपपुढे नाही, असं मी मानायचो. ओमकारने मला खोटं पाडलं.

हा ओमकार मुरबाड रस्त्यावरच्या भातगिरणीत पोती उचलतो. वय सव्वीस. शाळेत पोरांनी त्याला ‘काडीपैलवान’ नाव ठेवलं, ते याने असं मनावर घेतलं की भर मे महिन्यातही शर्टाच्या आत दोन बनियन. अंगाने भरलेला दिसावा म्हणून. लग्नाचा शर्ट शिवायला आला तेव्हाही तेच. म्हणाला, “मामा, माप वरूनच घ्या.”

“अरे, बोहल्यावर काय फुगा होऊन उभा राहणार?” मी खेकसलो. “काढ की ते!”

“नको मामा.” मग हळूच म्हणाला, “मला सपान पडतं. माळशेजचा वारा येतो नि मी उडतो. खाली भाताची खाचरं, आपली माणसं. कोण वर बघतच नाय.”

असं काही ऐकलं की माझा राग कुठल्या कुठे जातो. मी वरूनच माप घेतलं.

त्याची खरी धास्ती होती हळदीची. आमच्याकडे नवऱ्याला उघड्या अंगाने पाटावर बसवतात आणि सगळा गाव बघतो. त्यात त्याच्या होणाऱ्या बायकोच्या, नम्रताच्या, घरची माणसंही येणार. आठ दिवस पठ्ठ्या धड जेवला नाही.

हळदीला मी गेलो. दुपार कलली होती. मांडवाच्या डहाळ्यांमधून उतरतं ऊन खाली गळत होतं, लग्नगाणी म्हणणारी धवलारीण डोळे मिटून गात होती, आणि सगळा मांडव पेंगुळल्यासारखा झाला होता. ओमकार शर्टासकट पाटावर बसला.

“काढ रे, नवरा हायेस का पावणा?” त्याची हौसाआत्या म्हणाली.

त्याने डोळे घट्ट मिटले आणि सगळं एकदम ओढून काढलं. कोणी हसलं नाही. बायकांचे हळदीचे हात त्याच्या अंगावर पडत राहिले, आणि तो कुठे हरवला होता देव जाणे. मग बेंजो वाजला, सगळ्यांनी सगळ्यांना माखलं, उघडेबंब पिवळे गडी नाचायला लागले. त्यांनी ओमकारलाही ओढलं.

संध्याकाळी त्याची चुलत बहीण भूमिका मोबाइलवर नाचाचं शूटिंग दाखवत होती. ओमकार वाकून बघत होता.

“हा पाठमोरा कोण गो? खांदे बघ त्याचे! नम्रताकडचा काय?”

“दादा, येडा झालास? तूच हायेस तो!”

सगळे खो-खो हसले. तो हसला नाही. त्याने मोबाइल हातात घेतला आणि पुन्हा पाहिलं. मग आणखी एकदा. जेवायला हाका येत होत्या, पण हा जागचा हलेना.

शेवटी मोबाइल परत देत तो भूमिकाला म्हणाला, “नम्रताला पाठव.”