पोपटकाकांचा पक्षी

माझ्या काकांना सगळी गल्ली पोपटकाका म्हणायची आणि या नावाचा त्यांना भारी राग होता. कारण त्यांच्या मते त्यांच्या नक्षीतला पक्षी पोपट नव्हताच, बदक होतं.

ही आमच्या घरची नक्षी. मोत्यांच्या दाण्यांचं गोल कडं आणि आत समोरासमोर उभे असलेले दोन पक्षी. काका रेशमाच्या मागांसाठी नक्षी काढायचे. चौकटींच्या कागदावर एकेक चौकट रंगवायची, मग तिच्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. पट्ट्यांची ती माळ मागावर चढली की कापडात पक्षी उतरायचा. मागांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे काका घरीही ओरडूनच बोलत. काकू म्हणायची, "अहो, मी शेजारी बसलेय, परगावी नाही गेले."

हा पक्षी आपल्या वडिलांच्या डोक्यातून निघाला यावर काकांची श्रद्धा होती. त्यावरूनच रंगाऱ्याशी त्यांचं फाटलं. रंगारी समोरच्याच घरात राहायचा. रेशीम रंगवावं तर त्यानेच, आणि काकांचा तो लहानपणापासूनचा मित्र. त्याने एकदा दुसऱ्या कारखान्याचं सूत रंगवून दिलं आणि त्या कापडावर नेमका आमचा पक्षी निघाला. काकांनी त्याला भर रस्त्यात चोर म्हटलं.

"मी रंग दिला," रंगारी म्हणाला. "पक्षी कुणाचा ते सुताला विचारायचं होतं का मी?"

त्यानंतर कित्येक वर्षं अबोला. एकाने दार उघडलं की दुसरा आपलं लावून घ्यायचा. दोघांच्या बायका मात्र मागच्या अंगणातून वाट्या-ताटल्यांची ये-जा चालू ठेवून होत्या.

मी तेव्हा परदेशी पाहुण्यांना कारखाने दाखवायचं काम करायचे. एका घोळक्यात दूर पश्चिमेकडच्या देशातली एक म्हातारी विणकरीण होती. काकांच्या खोलीत आली आणि मागापाशी खिळल्यासारखी उभी राहिली. मग तिने गळ्यातला रुमाल सोडून टेबलावर पसरला. तेच कडं, तेच दोन पक्षी.

"हे हिला कुणी दिलं, विचार," काका मला म्हणाले.

मी विचारलं. बाई म्हणाल्या, "दिलं कुणी नाही, मीच विणलंय. आमच्या घरची नक्षी आहे ही. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी काढलेली."

काकांचा चेहरा पडला. "तिला सांग, त्या आजोबांनी आमचा पक्षी ढापला."

मी ते सांगितलं नाही, पण बाईंना बरोबर कळलं आणि त्या हसायला लागल्या. "माझे सासरेही असंच म्हणायचे," त्या म्हणाल्या. "पण आमच्या गावात एक फाटकं जुनं रेशीम जपून ठेवलंय. आमच्या घराण्याच्याही कितीतरी आधीचं. त्यावर हेच पक्षी आहेत. जुनी माणसं सांगतात, व्यापाऱ्यांनी ते पूर्वेकडून आणलं."

"पूर्वेकडून?" काका खुर्चीत बसले. "आमचे म्हातारे तर म्हणायचे, असली गोल कडी पश्चिमेकडून आली. फक्त बाबा म्हणायचे, त्यांनीच काढली."

मग दोघं रुमालावर आणि कागदावर वाकले. आता माझी कुणाला गरज उरली नव्हती. आमच्या पक्ष्याच्या मानेमागे एक तुरा होता, तो कशाचा हे कुणालाच सांगता येत नसे. बाईंच्या पक्ष्याच्या मानेला चक्क फीत बांधलेली होती, वाऱ्यावर उडणारी. उलट बाईंच्या पक्ष्याच्या चोचीत नुसता एक ठिपका होता. त्या त्याला दाणा समजत होत्या. आमच्या पक्ष्याच्या चोचीत अख्खी मोत्यांची माळ होती. "अगं बाई," अशा अर्थाचं काहीतरी त्या आपल्या भाषेत पुटपुटल्या आणि ती माळ बोटाने गिरवत राहिल्या.

शेवटी काकांनी विचारायला लावलं, "हा पक्षी कुठला म्हणतात तुमच्याकडे?"

"कोंबडा."

काका इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

त्या संध्याकाळी आम्ही घरी परतलो. काका आपल्या दाराशी थांबले, वळले आणि रस्ता ओलांडून त्यांनी रंगाऱ्याची कडी वाजवली. रंगाऱ्याने दार उघडलं. लावलं मात्र नाही.

"काय?"

"तो पक्षी आमचा नाही," काका म्हणाले. या वेळी हळू आवाजात. "कुणाचाच नाही. मी तुला उगाच बोललो."

रंगारी दारातून बाजूला झाला. "हे कळायला एवढी वर्षं?"

"परदेशातून बाई यावी लागली."

"आत ये. पायपुसण्याला पाय पूस, आत्ताच झाडलंय."

पुढे दोघांनी मिळून बाईंसाठी एक कापड केलं. काकांनी मानेला फीत आणि चोचीत माळ दोन्ही घातली. रंगाऱ्याने लाल रंग तीनदा उतरवून पुन्हा चढवला, कारण काकांना तो कधी विटकरी वाटे, कधी डाळिंबी. मधल्या काळात त्यांचं इतकं वाजलं की काकू म्हणाली, यापेक्षा अबोला बरा होता, निदान दुपारी डोळा तरी लागायचा.

कापड गेलं. काही महिन्यांनी बाईंचा फोटो आला. मागच्या भिंतीवर आमचं कापड लावलेलं होतं, पण उलटं. पक्ष्यांचे पाय वर.

"कळवायला हवं," काका म्हणाले.

"राहू दे," रंगारी म्हणाला, "लाल रंग किती छान उजेडात आलाय."