नामदेवचा ओला पंचा

आमच्या नातेवाइकांत पंगत उठली, पानसुपारी फिरली, की कुणीतरी पोर म्हणतंच, "फुवाजी, ते शिशाच्या माशाचं सांगा ना!" फुवाजी म्हणजे आत्याचा नवरा, तो मी; आणि मी सांगतो. हातवारे करून, आवाज काढून, मध्येच उभा राहून सांगतो. बावीस वर्षं झाली. पण त्या गोष्टीतलं जे मी सांगत नाही, ते बायकोला नाही, भावाला नाही, एकटा असताना स्वतःशीसुद्धा मोठ्यानं कधी बोललो नाही. तुम्ही जरा जवळ बसा. गेल्या महिन्यात असं काही घडलं, की आता ते पोटात ठेवणं जमेना.

आधी शिशाचा मासा म्हणजे काय ते सांगतो. तेवढाच मला मुद्द्यापासून लांब राहायला वेळ.

मी सुरतेत आर्ट सिल्कच्या कारखान्यात माग दुरुस्त करतो. गाव धुळ्याकडचं, खोली नवागामला, भाड्याची. कारखान्यात नवे माग बसवायला एक परदेशी फिटर आला होता. सुट्टीच्या दिवशी तो गळ घेऊन तापीवर जायचा. परत जाताना त्यानं मला एक चीज दिली. बोटाच्या पेराएवढं शिशाचं डोकं, त्यातून निघालेला लोखंडी आकडा, मागं पिसांची शेपटी, आणि डोक्याला रंगवलेले दोन डोळे. गांडूळ नको, कणकेची गोळी नको. पाण्यात टाकायचं आणि झटके देत ओढायचं. माशाला वाटतं, आपलं जेवण पळालं!

डिंडोलीच्या तळ्यात मरळ मासे होते, पण तळं पाणगवतानं गच्च. दुसऱ्याच फेरीला माझा परदेशी मासा गवतात अडकला तो कायमचा. मग मी ठरवलं, आपण घरी करू. मागाच्या जुन्या फणीतली पातळ तार आकड्याच्या टोकासमोर तिरपी बसवायची. गवत तारेवरून घसरून जातं, मासा चावला की तार दबते आणि आकडा लागतो. या तारेला मी 'राखणदार' म्हणायचो आणि हा शोध माझा असं चारचौघांत सांगायचो. फिटरच्या डबीत तसलेच दहा होते, हे मात्र कुणाला सांगत नसे. बघा — सवय जुनीच.

शिसं आणायचा नामदेव. नामदेव म्हणजे माझा मेव्हणा, शांताचा धाकटा भाऊ. रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करायचा. मालगाडीच्या डब्यांना शिशाची सीलं असतात. ती तोडून रुळांत फेकलेली असायची, हा खिसा भरून आणायचा. साचा मी केला — विटेचे दोन तुकडे घासून सपाट केले आणि त्यांत करवतीच्या पात्यानं माशाचं डोकं कोरलं. शिसं वितळवायला शांताची लोखंडी पळी. ती पळी पुन्हा आमटीत गेली तर मी माहेरी जाईन, असं तिनं बजावलं होतं. रंग ट्रकवर कमळं काढणाऱ्या पेंटरकडचा, डबा पुसून आणलेला. एवढा सगळा उद्योग करून मी एकंदर किती मरळ धरले म्हणता? तीन. आणि एक चप्पल. पण रंगवलेले मासे खिडकीत ओळीनं टांगले की रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा, आणि माझी छाती फुगायची.

आता ती गोष्ट. घरी सांगतो तशीच सांगतो.

उन्हाळ्याचे दिवस. खोल्यांच्या मागच्या अंगणात शेगडी पेटवलेली, पळीत शिसं वितळलेलं. नामदेव धक्क्यावरून घामाघूम आलेला, गळ्यात ओला पंचा. मी त्याला शाळामास्तरासारखा सांगतो, "नामदेव, शिशाचं आणि पाण्याचं वैर. साच्यात थेंब जरी राहिला तरी शिसं उसळून तोंडावर येतं." नामदेव मान डोलवतो, "व्हय दाजी." आणि गळ्यातला ओला पंचा काढून साचा असा लख्ख पुसतो, असा पुसतो — जणू जावयापुढं ठेवायचं ताट! इथं सगळे हसतात. मग तो शिसं ओततो. फट्ट! कोंबड्या छपरावर. शेजारच्या मणिबेन लाटणं घेऊन बाहेर, "हाय हाय, शुं थयुं? शुं थयुं?" मणिबेनचा आवाज मला फार छान येतो. पुढं मी नामदेवला सायकलच्या कॅरिअरवर बसवून मोठ्या दवाखान्यात नेतो, त्याचं वर्णन. उधन्याचं रेल्वे फाटक बंद, मी फाटकाखालून सायकल काढतो. शेवटी कुणीतरी वडीलधारं म्हणतंच, "दाजी होते म्हणून दुसरा डोळा तरी वाचला."

दुसरा डोळा. पहिला गेला. डावा. तिथं मी आवाज खाली आणतो, क्षणभर थांबतो. गोष्ट सांगणाऱ्याला कुठं थांबायचं ते कळतं.

रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनच्या जागेसाठी नामदेवचं नाव यादीत आलं होतं. पुढच्याच महिन्यात डोळ्यांची तपासणी होती. ती काय होणार? तो धक्क्यावरच राहिला, गोणी उचलत. त्याचे वडील गावाहून आले आणि दवाखान्यातल्या खाटेजवळ उभं राहून, पट्टी बांधलेल्या पोराला म्हणाले, "डोकं ठिकानावर व्हतं का तुन्हं?" मी तिथंच होतो. मी सासऱ्यांना म्हणालो, जाऊ द्या मामा, पोर आहे, होते चूक. असं म्हणालो मी! आणि सासऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

हे सांगताना माझे कान तापतात. तरी अजून मी मूळ जागी आलेलो नाही.

गेल्या महिन्यात नामदेवच्या थोरल्या मुलीचा साखरपुडा झाला. पोरांनी नेहमीची फर्माईश केली. माझा घसा बसला होता. नामदेव म्हणाला, "थांबा, आज मी सांगस." मला गंमत वाटली, म्हटलं होऊन जाऊ दे. तो सांगायला लागला — आणि शब्दन् शब्द माझा. कोंबड्या माझ्या, लाटणं माझं. त्या दिवशी मणिबेनच्या हातात लाटणं नव्हतंच हो, ते मी घातलेलं! त्यानं पंचा काढून साचा पुसल्याचा अभिनय केला, जावयाचं ताट केलं, लोक हसले, तोही हसला. आणि मग तो एकदम गंभीर झाला आणि म्हणाला, "दाजी वरडनात, थांब नामदेव! पन मी आयकं नही. मन्हीच चूक."

माझ्या हातातलं पान हातातच राहिलं.

हे वाक्य माझं नव्हतं. मी कधीच, कुठल्याच लग्नात, हे घातलं नव्हतं. एवढं मोठं खोटं मला सुचलंच नव्हतं. ते त्याचं त्यानं घातलं होतं. आणि बनवून सांगत होता असंही नाही — चेहरा बघितला मी त्याचा. त्याला ते आठवत होतं! न घडलेली गोष्ट, माझ्या ओरडण्यासकट, त्याला लख्ख आठवत होती. मी त्याच्या डोळ्याबद्दल खोटं सांगितलं, एवढंच मला इतकी वर्षं वाटायचं. त्याच्या डोक्यात जाऊन मी कधी बसलो? आणि तिथं मी इतका भला माणूस कसा झालो?

लोक माझ्याकडे कौतुकानं बघत होते. मी उठून मोरीत गेलो आणि हात धूत राहिलो. बराच वेळ. शांता येऊन म्हणाली, "अहो, किती धुताय? जळला का हात?" मी म्हटलं, चुना लागलाय.

तर ऐका, काय झालं ते.

त्या दिवशी आम्ही सकाळपासून सात मासे ओतले होते. साचा इतका तापला की शिसं आतच धरून बसायला लागलं, डोकी मोडून निघायला लागली. मला उन्हाच्या आत बारा पुरे करायचे होते. का? काही कारण नाही. बारा हा आकडा शोभतो म्हणून. नामदेव कोळसा आणायला कोपऱ्यावर गेला. कारखान्यात मागाचं बेअरिंग तापलं की आम्ही काय करतो? ओली चिंधी लावतो, नाहीतर सरळ पाणी मारतो. सूत तुटायला लागलं, पाणी शिंपडा. मागवाल्याच्या हाताला दुसरं औषध माहीतच नसतं. मी साच्याचे दोन्ही तुकडे उचलले आणि बादलीत बुडवले. चर्र झालं, वाफ निघाली, विटा गार झाल्या. बाहेरून पाच मिनिटांत कोरड्या दिसायला लागल्या. पण वीट पाणी पिते. ते मला माहीत होतं. शिशाचं आणि पाण्याचं वैर — हे त्याला तासाभरापूर्वी मीच शिकवलं होतं ना?

मला वाटलं, गरम वीट आहे, उडून जाईल पाणी. वाटलं असंही म्हणवत नाही. माझं लक्ष दुसरीकडे होतं. मी तयार झालेल्या माशांना रंग देत बसलो होतो. डोळे काढत होतो — पांढरा ठिपका, वाळला की मध्ये काळा. हे मी रचून सांगत नाही. रचून सांगायचं असतं तर आज हेच पहिल्यांदा गाळलं असतं.

नामदेव आला. पळी उचलली. साच्यावर धरली, आणि मला विचारलं, "दाजी, भरू?"

त्यानं विचारलं. नीट थांबून विचारलं. आणि मी ब्रश न उचलता, मान वर न करता म्हणालो — "भर."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं हे? त्यांचं वाक्य संपायच्या आत माझं उत्तर तयार होतं. ओल्या पंच्यानं साचा पुसला यानं. मला ते शोधावं लागलं नाही हो. जिभेवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखं सापडलं. नामदेव खाटेवर होता, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. तो ऐकत होता. मला वाटलं, आता म्हणेल, नाही दाजी. तो हळूच म्हणाला, "व्हय का? पुसा व्हतं का मी?"

त्यानं मलाच विचारलं. बघणारा एक मीच होतो ना. तेव्हा दुसऱ्यांदा मला बोलायची जागा होती. मी म्हणालो, "हो रे. पुसलास."

पंचा त्याच्या गळ्यात नव्हता. सकाळी आल्या आल्या त्यानं तो धुऊन दोरीवर टाकला होता आणि त्या उन्हात तो वाळून कडक झाला होता. शिसं उसळलं, तेव्हा दोरीवरून ओढून त्याच्या तोंडावर दाबला तो मीच. चांगला खरखरीत, कोरडा होता. हाताला लागला होता मला.