उत्कंठेचा अर्थ

खडूचा वास आला की कोथरूडचा तो क्लास आठवतो. मी यवतमाळहून नुकतीच आले होते. सरांनी ‘उत्कंठा’चा अर्थ विचारला. मी म्हटलं, “आपण कोणाची वाट पाहून राहिलो ना सर, तसं.” वर्ग हसला. “बाईसाहेब, आपण आधी मराठी शिकून यावं,” सर म्हणाले. मग त्यांनी फोड केली, उत् म्हणजे वर, कंठ म्हणजे गळा. वाट पाहताना मान उंचावते, ती उत्कंठा. समजावं म्हणून तास संपेपर्यंत मला तसंच उभं केलं. परवा तेच सर आमच्या शाळेच्या ऑफिसात, माझ्या खिडकीपुढे, नातवाचं नाव प्रवेशयादीत आहे का ते बघायला मान उंचावून उभे होते. मी यादी फायलीखाली सरकवली. म्हटलं, “उभे राहा, सर. यादी येऊन राहिली.”