अण्णांच्या कॉलरचा माइक

“स्वल्प थांबा, मॅडम.” आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमधले अण्णा असं म्हणताना उजवा तळवा समोर धरायचे आणि मान जराशी लेथकडे कलती करायचे. मग समोर प्राचार्य असोत की पहिल्या वर्षाची मुलं, सगळे गप्प उभे राहायचे. मशीनचं ऐकून झालं की आपला नंबर. मी इथे शिकवायला आलेली पुण्याची, गप्प राहायचा सराव नाही, त्यामुळे पहिलं वर्षभर मला या माणसाचा मनापासून राग यायचा.

अण्णा मूळचे निपाणीकडचे. घरात मराठी, बाहेर कानडी. तरुणपणी पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथ शिकले आणि मग आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इन्स्ट्रक्टर झाले. बनशंकरीहून दोन बस बदलून यायचे, तरी आमच्या सगळ्यांच्या आधी हजर.

तुम्ही लेथ पाहिला नसेल तर एवढंच सांगते. लोखंडाचा दांडा गरगर फिरत असताना त्याचा तुकडा कापायचा असतो. त्यासाठी अरुंद पातं हळूहळू आत न्यायचं. पातं अडकलं की तुटतं, पण तुटायच्या जरा आधी मशीनचा आवाज बदलतो. तो बदल अण्णांनाच कळायचा. एकदा ते रजेवर असताना पातं तुटलं आणि तुकडा एका मुलीच्या भुवईत घुसला. डोळा थोडक्यात वाचला.

त्यानंतर प्राचार्यांनी मला बोलावलं. अण्णा महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. त्यांना जे कळतं ते रेकॉर्ड करून मुलांना शिकवता आलं तर ठीक, नाहीतर सत्र संपलं की सगळे लेथ भंगारात काढून तिथे कॉम्प्युटर मांडायचे, असं ठरलं होतं.

मी हौसेने कामाला लागले. समोर कॅमेरा, अण्णांच्या कॉलरला छोटा माइक आणि माझे प्रश्न. आवाज कसा बदलतो, अण्णा? “बदलतोय की.” म्हणजे नेमका कसा? “आता कसं सांगायचं ओ मॅडम. कळतंय न्हवं?” मला काही कळत नव्हतं. तरी खनपटीला बसून मी त्यांच्याकडून अकरा व्हिडिओ होतील एवढं बोलणं काढलं. बेळ्ळंदूरला घरी बसून ते कापले, मागची खडखड सॉफ्टवेअरने साफ केली आणि लॅपटॉपमध्ये जागा उरेना म्हणून मूळ फायली पुसून टाकल्या. नीटनेटकेपणाची मला भारी हौस.

निवृत्तीला दोन दिवस राहिले तेव्हा मी अण्णांच्या कानाला हेडफोन लावून पहिला व्हिडिओ सुरू केला. त्यांनी सवयीने तळवा वर केला, मान कलती केली आणि बराच वेळ तसेच थांबले. मग हेडफोन काढून हळूच म्हणाले, “माझंच बोलणं हाय ह्यात. मशीन कुठं हाय?”

जपायचं होतं तेच मी कचरा म्हणून काढून टाकलं होतं. तुम्हाला हसू येत असेल तर हसा, मला मात्र रडू फुटायच्या बेतात होतं. मूळ फायलीही पुसल्यात हे सांगताना मला त्यांच्याकडे बघवेना. अण्णा चिंधीने बोटं पुसत राहिले. “सरी,” म्हणजे कानडीत ‘बरं’, एवढंच म्हणाले. आणि मग, “उद्या येतासा न्हवं? मशीन चालू असताना मी बोलणार न्हाई. बोललो की मलाच ऐकू येत न्हाई.”

बदलणारा आवाज हवा तर पातं तुटायच्या बेताला न्यायला हवं. मुलांसमोर अण्णांनी असं कधीच केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांना बाहेर काढून दार लावून घेतलं, मला जाड चष्मा दिला, दूर उभं केलं आणि लेथ चालू केला. पातं आत जाऊ लागलं. माझी नजर त्यांच्या मनगटावर. आता तुटेल, आता तुटेल, असं वाटत असताना त्यांनी हँडल उलटं फिरवलं. आवाजातलं मला ओ की ठो कळलं नाही.

असं त्यांनी पाच वेळा केलं. सहाव्यांदा हँडल उलटं फिरलंच नाही. पातं ताडकन तुटलं आणि तुकडा पत्र्यावर आदळला. मी किंचाळले. अण्णांनी मशीन बंद केलं. “ह्ये बी राहू द्या आत. पोरांस्नी ह्ये बी ऐकू दे.” मग त्यांनी नवं पातं लावलं आणि सातवी खेप केलीच.

या खेपेला मी रेकॉर्डिंगला हातसुद्धा लावला नाही. अण्णा शाल-श्रीफळ घेऊन गावी गेले आणि चार महिन्यांनी त्यांच्या मुलाचा फोन आला की अण्णा गेले. आता विचारायला कोणी उरलं नव्हतं. मुलं ती सात रेकॉर्डिंगं ऐकत होती, मी ऐकत होते, आणि मला सगळीकडे तीच घरघर ऐकू येत होती.

सत्राच्या शेवटी मुलं शिकली का ते बघायला प्राचार्य आले. त्यांच्यासमोर लेथवर उभी राहायला तीच मुलगी पुढे आली, भुवईवर व्रण असलेली. पातं अर्ध्यावर गेलं आणि तिने झटकन हँडल उलटं फिरवलं. मशीन बंद करून पाहिलं तर पात्याची कड नुकती चिरली होती. प्राचार्यांनी वाकून ती कड पाहिली. लेथ आजही जागेवर आहेत.

तुला कसं कळलं, मी तिला विचारलं. ती बेळगावची, माझ्याशी मराठीत बोलते. “मॅम, आधी मलाही काही कळत नव्हतं. पण अण्णा श्वास रोखतात बघा. जिथे रोखतात तिथलंच परत परत ऐकलं.”

संध्याकाळी मी हेडफोन लावले. कॉलरचा माइक, त्यामुळे घरघरीत अण्णांचा श्वास येतच होता. पहिल्या अकरा व्हिडिओंतला मी खडखडीबरोबर पुसला असणार. श्वास, श्वास, मग काहीच नाही, आणि हँडल उलटं. आपण श्वास रोखतो, हे त्यांनाही माहीत नसावं. त्यांना सांगायला हवं होतं, फार वाटलं.

सातव्या रेकॉर्डिंगच्या शेवटी मशीन थांबतं. अण्णा मोठा श्वास सोडतात आणि म्हणतात, “झालं, मॅडम. आता बोला.”