चहा कुठे ठेवलास?

माझे वडील सरोजिनी नगरपाशी एका सरकारी अधिकाऱ्याकडे स्वयंपाकी होते आणि आम्ही चौघं त्यांच्याच क्वार्टरच्या मागच्या खोलीत राहायचो. जानेवारीत दिल्लीला आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. तेव्हा आई माझी कॉलेजची एकुलती एक पँट शेगडीवर धरून वाळवायची, आणि मी वरून सुका, खालून ओला असा बी.एस्सी.च्या वर्गात जाऊन बसायचो. तशीच पदवी घेतली. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, आणि हे कोणी विचारलं नाही तरी मी सांगतो. पण वडिलांचे साहेब मार्चअखेर निवृत्त होणार होते, म्हणजे आमची खोली जाणार होती. दुसरीकडे घर बघायला गेलं की घरमालक पहिलं विचारायचा, नोकरी पक्की आहे का? माझी नव्हती. घरगुती मशीनं दुरुस्त करणाऱ्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये मी मेकॅनिक म्हणून सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होतो.

तेव्हा गुडगावात मोहरीच्या शेतांतून टॉवर उगवत होते आणि त्या टॉवरांमध्ये परदेशी मशीनं चढत होती. ती बिघडली की फोन आमच्या सेंटरच्या तळघरात वाजायचा, आणि तो उचलायच्या गायकवाडबाई. मूळच्या नगरकडच्या ख्रिश्चन, नवऱ्याच्या फौजेतल्या नोकरीपायी दिल्लीला आलेल्या आणि इथेच राहिलेल्या. शिक्षण नववीपर्यंत. आयुष्यात एकही मशीन उघडलेलं नाही. मांडीवर लोकरीचं विणकाम, खांद्यावर रिसीव्हर.

फोनवर कोणी आरडाओरडा केला की बाई फार अदबीने सांगायच्या, साहेब, जरा मशीनच्या मागचा नंबर वाचून सांगता का? नंबर आम्हाला कधीच लागत नसे. तो माणूस मशीन ओढून, वाकून, धापा टाकत परत येईपर्यंत बाईंची एक ओळ विणून व्हायची. “वाकला ना, की निम्मा राग तिथेच सांडतो,” असं त्या मला म्हणाल्या होत्या.

त्यांची दुसरी सवय मला फार खुपायची. मेकॅनिक बाहेरून परतला की त्या आधी चहाची चौकशी करायच्या. दिला का? कोणी आणून दिला? कपात की ग्लासात? कुठे ठेवलास? मला वाटायचं, बाईंना लोकांच्या घरातल्या भानगडी ऐकायला आवडतात. मी फिजिक्सचा माणूस, मी मीटरचे आकडे सांगायला जायचो. त्या हात वर करायच्या. “ग्रॅज्युएट, दिसलं काय ते सांग. तुला कळलं काय, ते मी विचारलेलं नाही.”

फेब्रुवारीत खुरानांची तक्रार आली. खुराना अमेरिकेत बरीच वर्षं काढून गुडगावात नवव्या मजल्यावर राहायला आले होते आणि येताना कपडे वाळवायचं मशीन घेऊन आले होते. त्याचा ड्रम फिरायचा, आतला दिवा लागायचा, पण हवा गार ती गारच. कपडे दोन तास गरगर फिरून तसेच ओले बाहेर यायचे.

पहिल्या खेपेला मी लोकरीची पुटं धरलेली जाळी साफ केली आणि हवा बाहेर नेणारा पाइप झटकला. दुसऱ्या खेपेला मागचा पत्रा काढून हीटरची कॉइल, थर्मोस्टॅट, थर्मल फ्यूज सगळं मीटरने तपासलं. सगळं ठणठणीत. बाजूच्या भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये दोनशेवीस व्होल्ट येत होते. तरी तिसऱ्या खेपेला मी बाजारातून नवीन कॉइल बनवून आणली आणि बसवली. हवा गार. खुराना मागे उभे राहून, अमेरिकेत मेकॅनिक टाय लावून येतो आणि एका खेपेत काम करून जातो, हे सांगत होते. मग त्यांनी आमच्या मॅनेजरना, भाटियासाहेबांना, फोन केला. भाटिया मला एवढंच म्हणाले की चौथ्या खेपेलाही जमलं नाही तर सोमवारपासून येऊ नकोस.

मी पायऱ्या उतरून तळघरात आलो. बाईंनी विचारलंच, चहा दिला का?

मी वैतागून म्हणालो, दिला, तिन्ही वेळा दिला, मिसेस खुरानांनी स्वतः आणून दिला, आणि त्या घरात हीटर सोडून सगळं गरम असतं, अर्ध्या तासाने प्यायलो तरी चहा गरमच होता.

बाईंच्या सुया थांबल्या.

“फेब्रुवारीत? अर्धा तास? कुठे ठेवला होतास?”

“मशीनशेजारच्या स्टुलावर.”

“कसलं स्टूल?”

“स्टूल हो. वर भरतकामाचा टेबलक्लॉथ आहे. जमिनीपर्यंत.”

“आणि टेबलक्लॉथच्या खाली?”

तो मी कधी उचलून बघितलाच नव्हता. मशीनची वायर पडद्यामागे गेली होती, भिंतीवरच्या बटणाने मशीन चालू-बंद व्हायचं, म्हणून वायर थेट भिंतीत जाते असं मी धरून चाललो होतो. बाईंनी माझ्याकडे बघत बघतच नंबर फिरवला.

“खुरानासाहब, नमस्ते. आपके यहाँ एक स्टूल है ना, टेबलक्लॉथवाला? उसकी तबियत कैसी है?”

 पलीकडून खुराना तावातावाने बोलले. ते स्टूल नाही, ट्रान्सफॉर्मर आहे, खास बनवून घेतलाय. अमेरिकन मशीन एकशेदहावर चालतं, एवढंही तुमच्या इंजिनियरला माहीत नाही का? दिसायला वाईट म्हणून मिसेसनी झाकलाय. बाईंनी इतक्या नम्रपणे आभार मानले की हसू लपवायला मला तोंड फिरवावं लागलं.

“तो म्हणतो, एकशेदहा,” रिसीव्हर ठेवून बाई म्हणाल्या. “माझी नववी इथे संपली. आता तुझी पदवी बोलू दे.”

मग मला मशीनच्या मागची पाटी आठवली. तिच्यावर दोन आकडे होते, एकशेवीस आणि दोनशेचाळीस. मी ते वाचले होते, वहीत उतरवलेही होते, विचार तेवढा केला नव्हता. मोटर आणि दिवा लहान आकड्यावर चालतात, हीटर मोठ्यावर. तिकडे घरात दोन्ही येतात. खुरानांच्या इलेक्ट्रिशियनने ट्रान्सफॉर्मरमधून फक्त लहान आकडा दिला होता आणि हीटरची तार मोकळी सोडली होती. मशीन कधी बिघडलेलंच नव्हतं. आणि हीटरला हवे तेवढे व्होल्ट खुरानांच्या भिंतीत फुकट येत होते.

निघताना बाईंनी बजावलं की गेल्या गेल्या काही बोलायचं नाही. चहा येऊ द्यायचा, स्टुलावर ठेवायचा, आणि टेबलक्लॉथ मिसेस खुरानांच्याच हाताने काढून घ्यायचा. मी तसंच केलं. मिसेस खुरानांनी टेबलक्लॉथ उचलला तेव्हा खाली तो ट्रान्सफॉर्मर घूं घूं करत बसला होता आणि त्यांच्या हातातल्या टेबलक्लॉथवर माझ्या आधीच्या तीन कपांचे तीन गोल डाग होते. मोटर मी त्याच्यावरच राहू दिली. हीटरसाठी एसीच्या पॉइंटवरून जाड वायर वेगळी ओढली, अर्थिंग नीट केलं आणि बटण दाबलं. पाच मिनिटांत तापलेल्या धुळीचा वास आला. मिसेस खुरानांनी मशीनच्या दारावर तळवा ठेवला आणि नवऱ्याकडे नुसतं बघितलं. खुरानांनी त्या दिवशी अमेरिकेचं नाव काढलं नाही.

बाईंनी तक्रारवहीत लिहिलं: बिघाड, टेबलक्लॉथ. दुरुस्ती, ग्रॅज्युएट.

भाटियांनी वही वाचून विचारलं, ही काय मस्करी आहे? बाई विणता विणता बोलल्या की मुलगा हुशार आहे, पहिल्या खेपेपासून त्याला त्या स्टुलाचा संशय होता, खात्री करून घ्यायला थांबला होता. हे धडधडीत खोटं होतं. मी तोंड उघडलं तेव्हा टेबलाखालून त्यांची सुई माझ्या गुडघ्याला टोचली, आणि मी ते मिटलं.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझ्या हाताखाली पुढे बरेच मेकॅनिक आले, आणि ते बाहेरून परतले की मी त्यांना आधी चहाचंच विचारायचो. त्यांना वाटायचं, साहेबांना भानगडी आवडतात. मी वाटू दिलं.

त्या वर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मला नोकरीत कायम केल्याचं पत्र मिळालं. ते दाखवून मी दिल्लीतल्याच मुनीरका गावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या, माझ्या नावावर, आणि महिना संपायच्या आत आईवडिलांना आणि बहिणीला तिथे घेऊन गेलो.